उजवं कानशील

माणसाची कवटी हलते, यावर अंबरनाथ पूर्वेत फक्त दोन बायकांचा विश्वास होता. एक डॉ. सुनेत्रा, ज्या लंडनला जाऊन ऑस्टिओपथी, म्हणजे हाताने हाडं सोडवायची विद्या, शिकून आल्या होत्या, आणि दुसरी त्यांची मदतनीस शालन, जी कुठेच गेली नव्हती. बाकीचे डॉक्टर हसायचे. मोठ्या माणसाची हाडं एकमेकांत घट्ट बसलेली असतात, ती हलतील कशी, असं म्हणायचे. हसोत बापडे. अर्धशिशीने वैतागलेले त्यांचेच पेशंट गुपचूप जिना चढून वर यायचे.

शालनला हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. ती राहायची त्या बुवापाड्यातच तिची मावशी बनूबाई बाळंतिणींना आणि बाळांना चोळायची. तिच्या हाताखाली शालनने कितीतरी टाळू तेलाने भरल्या होत्या, चपटी डोकी गोल केली होती. मिनिटाला आठ-दहा वेळा डोकं कणभर रुंदावतं, कणभर आवळतं, आणि तीच लाट कण्यातून खाली माकडहाडापर्यंत जाते, असं मॅडम म्हणायच्या. म्हणून उपचाराला दोघी लागायच्या. मॅडम डोकं धरायच्या आणि शालन पेशंटच्या कमरेखाली तळहात सरकवून बसायची.

मॅडमचा एक नियम होता. मार लागून हाड सरकलं असेल तर त्याला उलटं ढकलायचं नाही. ते जिकडे जातंय तिकडे त्याच्यासोबत जायचं. टोकाला पोचलं की सगळी हालचाल थांबते. मग आपणही थांबायचं, आणि ते परत फिरेपर्यंत हात काढायचा नाही.

"आणि अर्ध्यात सोडलं तर?" शालनने एकदा विचारलं.

"मी कधी सोडलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये डोकेदुखी घेऊन शशिकांत आला. बदलापूरला खरवईत नवा बंगला, एमआयडीसीतल्या केमिकल कारखान्यात मोठा हुद्दा. शालनने त्याला दारातच ओळखलं. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तीन वर्षांपूर्वी ती लागोपाठ तीन दिवस कारखान्याच्या गेटवर उभी होती, तेव्हा तो तिच्याकडे मान न वळवता आत गेला होता.

तिचा नवरा सुदाम याच शशिकांतच्या हाताखाली होता. जड वस्तू उचलायच्या चेनब्लॉकच्या हुकाची पट्टी तुटली होती. सुदामने दोनदा सांगितलं. आधी काम उरक म्हणून साहेबाने त्याला त्याच हुकाखाली उभं केलं. हूक सटकला आणि सुदामच्या उजव्या कानशिलावर बसला. अपघाताच्या कागदावर मात्र साहेबाने लिहिलं, की कामगार दारू पिऊन आला होता. सुदामने जन्मात दारूला हात लावला नव्हता. खरं काय ते त्याच पाळीत असलेल्या शेजारच्या किसनने तिला रडत रडत सांगितलं, पण साक्ष द्यायला तो धजला नाही.

नऊ दिवस सुदाम बेशुद्ध होता. नऊही दिवस शालनने त्याचं डोकं हातात धरलं होतं. दोन लाटा यायच्या, तिसरी यायचीच नाही. उजवं कानशील अजिबात हलायचं नाही. नवव्या दिवशी सगळंच थांबलं. तेव्हापासून सुदाम हा दारुडा म्हणून मेलेला माणूस होता, आणि तो शब्द पुसला जावा एवढंच शालनला हवं होतं. निदान लोकांना ती तसं सांगायची. खरं तर तेवढ्याने तिचं भागणार नव्हतं.

त्या पहिल्या दिवशी तिने शशिकांतच्या कमरेखाली हात घातला आणि डोळे मिटले.

दोन लाटा आल्या. तिसरी आली नाही.

छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा शालनच्या घरातून देव गेले, त्यांच्यासोबत भुतंही गेली. अंगात येणं, झपाटणं असल्या गोष्टींना तिच्या सासऱ्याने उंबऱ्याआत येऊ दिलं नव्हतं. आपण दमलोय, असं तिने स्वतःला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. दोन. मग रिकामी जागा.

"डोक्याला कधी मार लागला होता?" मॅडमनी विचारलं.

"मला? कधीच नाही."

"उजवीकडून जबरदस्त मार दिसतोय. हाड सांगतंय."

"हाडाला म्हणावं, खोटं बोलू नको," शशिकांत हसला.

मॅडमनी हाड सोडवलं, कार्डावर 'लॅटरल स्ट्रेन', म्हणजे हाड बाजूला सरकलेलं, असं लिहिलं, आणि तो खुशीत गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा हाड पुन्हा तसंच सरकलेलं होतं, आधीपेक्षा खोल. मॅडमनी त्याला उल्हासनगरला एक्स-रेला पाठवलं. कॅम्प चारमधल्या सिंधी एक्स-रेवाल्याने फिल्म उजेडात धरून "साईं, खोपडी एकदम फर्स्टक्लास" असं सांगितलं म्हणे. फिल्म खरोखरच स्वच्छ होती. पण तिसऱ्या खेपेला मॅडमचं बोट त्याच्या उजव्या कानशिलात चक्क आत गेलं.

तो गेल्यावर त्या बराच वेळ नॅपकिनला हात पुसत राहिल्या.

"शालन, तुला काय लागतं?"

"दोन लाटा, मॅडम. आणि एक रिकामी."

"मलाही," त्या म्हणाल्या आणि विषय बंद केला.

एप्रिलमध्ये मॅडम वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेल्या. दवाखाना झाडायला म्हणून शालन दुपारी वर आली, तर शशिकांत जिन्यातच बसला होता. दाढी वाढलेली, टाय सैल.

"मॅडम नाहीत, साहेब. सोमवारी या."

"सोमवारपर्यंत दम निघणार नाही. कानात सारखी साखळी ओढल्यासारखा आवाज येतोय. तू बघतेस ना रोज? तू धर."

तिने दार उघडलं. तो बूट काढून टेबलावर आडवा झाला. शालनने उशाशी बसून पहिल्यांदाच त्याचं डोकं हातात घेतलं. कानशिलाचा खळगा तोच होता. इतकंच नाही, कानामागे छोटं टेंगूळ होतं. लहानपणी विटी लागून झालेलं. सुदामचं.

"हे डोकं तुमचं नाही, साहेब."

"काय बोलतेस?"

"हे सुदामचं आहे. चेनब्लॉकखाली गेला त्याचं."

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, पण तिच्या हातांनी ती वळू दिली नाही.

"तू त्याची कोण?"

"बायको."

तो म्हणाला, "हुकाची पट्टी तुटलेली होती. मला माहीत होतं."

"आणि दारू?"

"नव्हता प्यायला."

"मग लिहून द्या."

त्याने उठून केस पेपरच्या मागच्या बाजूला सगळं लिहिलं. हूक, सुदामने दोनदा दिलेली सूचना, आपला हुकूम, दारूचं खोटं. खाली सही केली, तारीख घातली. शालनने दोनदा वाचलं आणि कागद घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवला.

"आता सोडव मला," तो म्हणाला. आडवा होताना तो लहान मुलासारखा रडत होता.

तिने पुन्हा डोकं धरलं.

हाड आत निघालं. ती त्याच्यासोबत गेली. लाट मंदावली, आणखी मंदावली.

टोक आलं. सगळं थांबलं.

हॉस्पिटलातही ती अशीच थांबली होती. आत्ता फिरेल, मग फिरेल म्हणून. शेवटी नर्सने तिची बोटं एकेक करून सोडवली होती.

याचं मात्र फिरणार होतं. बोटांना चाहूल लागली होती.

कागद मिळाला होता. सुदामचं नाव धुऊन निघणार होतं. आणि तिचा राग रतीभरही कमी झाला नव्हता.

तिने हात काढून घेतले.

शशिकांत हलला नाही. डोळे उघडे होते. मग तो सावकाश उठून बसला.

"साहेब?"

त्याने गळ्यातला टाय काढून, हे काय आहे अशा नजरेने बघून, टेबलावर ठेवला. बूट दाराशी होते. ते तसेच ओलांडून तो अनवाणी जिना उतरला.

शालन खिडकीशी गेली. तीनचा भोंगा झाला होता, आणि पहिली पाळी सुटून माणसं रस्त्याने घरी निघाली होती. खाली त्याची फियाट उभी होती. ड्रायव्हरने मागचं दार उघडलं, हाक मारली. तो थांबला नाही. गर्दीत मिसळून चालू लागला आणि कोपऱ्यावरून बुवापाड्याच्या रस्त्याला वळला.

सकाळी निघताना शालनने घराला कुलूप लावलं होतं. पण सुदाम असल्यापासून चावी कुठे ठेवलेली असते, ते त्याला माहीत होतं.