रिकाम्या जागेतला ठोका

"खाली बस! डोकं दिसतंय तुझं!" पेचकसने टिटवीची बाही खेचली आणि तिघंही पियानोमागे धपकन बसली.

बूट टकटक वाजवत खोलीत आले. हे बूट मुलं आता ओळखायला लागली होती. सभागृहाचे व्यवस्थापक जेवता जेवता सह्या करत आणि सह्या करता करता लोकांना हाकलून देत, म्हणून त्यांचं नाव मुलांनी झटपट साहेब ठेवलं होतं.

साहेब फोनवर बोलत होते. "अहो, सगळे डबे भरले टेम्पोत. तालीम संपली की निघेल भंगारवाल्याकडे. जतन? झालं की जतन! प्रत्येक डब्याचा फोटो काढलाय कॉम्प्युटरवर!"

टिटवीला हसावं की रडावं कळेना. डब्यांचे फोटो! आणि आतल्या टेप?

दिवा विझला, दार ओढलं गेलं आणि खट्ट करून कुलूप लागलं.

"साहेब, थांबा! आम्ही आत आहोत!" टिटवीने दाराकडे झेप घेतली. पण ही ध्वनिमुद्रणाची खोली होती. बाहेरचं कुत्रं भुंकलेलं आत येऊ नये म्हणून भिंतींना जाड गाद्या ठोकल्या होत्या आणि दार तर हातभर जाड! आतला आवाज तरी बाहेर कसा जाणार?

सुट्टीतल्या मुलांना नको तिथे नाक खुपसायची सवय असते, हे खरं. पण आज कारण तसंच होतं. आत्याआजीबरोबर तिघं प्रार्थनांच्या तालमीला आली होती. मागच्या अंगणात उभ्या टेम्पोत टेपचे डबे पाहून टिटवी जागीच थबकली होती. हे डबे इथे का? त्यातल्याच एकात तिच्या आजोबांनी वाजवलेला डफ होता! खोलीत येऊन पाहतात तो कपाटं रिकामी.

त्यांच्या घराण्यातल्या प्रार्थना कोणी कधी लिहून ठेवल्या नव्हत्या. त्या ऐकायच्या आणि गायच्या. आत्याआजी म्हणायची, "आपली माणसं गावोगाव हिंडली, घरं सुटली, शेतं सुटली. आपण कोण, ते एवढ्या गाण्यांतच उरलंय." आता गाणाऱ्यांतले बरेचसे गेले होते. कितीतरी प्रार्थना फक्त त्या डब्यांत होत्या.

"दादा, मला श्वास येत नाहीये," शेपूट म्हणाली. पेचकसची ही धाकटी बहीण सदा त्याच्यामागे असे, म्हणून तिचं हे नाव.

"येतोय. श्वास येत नसता तर बोलली असतीस का?" पेचकस म्हणाला खरा, पण त्याचाही आवाज कापत होता. ज्याच्यावरून त्याला हे नाव पडलं, तो लाडका पेचकस खिशातून काढून त्याने कुलपाशी खटपट केली. स्क्रू सगळे दाराच्या पलीकडच्या बाजूला होते!

अंधार गच्च होता आणि हवा कोंदट झाली होती. मुलांनी ओरडून पाहिलं, दारावर लाथा मारल्या. गाद्यांनी सगळं गिळून टाकलं. इतकी शांतता टिटवीने कधी ऐकली नव्हती. बडबडीबद्दल घरात रोज बोलणी खाणारी ती, आज घसा फोडून ओरडत होती आणि कोणालाही ऐकू जात नव्हतं. तिला फार भीती वाटली.

"अगंबाई, हे काय गार गार?" शेपूटचा हात भिंतीवरच्या कशाला तरी लागला होता.

"पाइप आहे. आग विझवायच्या पाण्याचा," पेचकस चाचपत म्हणाला. "लोखंडी! हा हॉलमध्येच जातो. तिथे याच्यावरच स्पीकर टांगलेत, मी पाहिलंय!"

तिघांनी पाइपला कान लावले. खोल विहिरीतून यावं तसं गाणं ऐकू आलं. तालीम चालू होती!

पेचकसने धडाधड पाइप बडवला. गाणं थांबलं. मग माइकवरून साहेबांचा आवाज आला, "चालू द्या, चालू द्या! पाइपात हवा अडकते. आमचं रोजचंच आहे!"

"हवा म्हणे!" पेचकस चिडला. "यांच्या डोक्यात अडकलीय ती!"

"दे इकडे. हवेला ताल कुठून येणार?" टिटवीने त्याच्या हातातला पेचकस हिसकावून घेतला आणि प्रार्थनेचा ठेका धरला. आजोबांनी मांडीवर बसवून शिकवलेला ठेका! एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही.

मुलांनी कान टवकारले. गाणं छान रंगलं होतं. वाजवणारे वाजवत होते, गाणारे गात होते आणि पाइपावरचे ठोके त्यात बेमालूम मिसळून गेले होते.

"अगं, तू तर त्यांना साथ करतेयस!" पेचकसने कपाळावर हात मारला. "इतकं बरोबर वाजवलंस तर कळणार कोणाला?"

हे शेवटचं कडवं होतं. ते संपलं की टेम्पो निघणार.

काय करायचं, ते टिटवीला माहीत होतं आणि तेच तिला नको होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या ठेक्यात एक जागा रिकामी असे. तिथे कोणी गात नसे, वाजवत नसे. ती जागा गेलेल्या माणसांची. "तिथे हात आवरायचा, बाळा. त्यांना यायला वाट ठेवायची," आजोबा सांगत. आता आजोबाही त्याच जागेत येत होते. निदान टिटवी तसं मानायची.

"तिथे वाजवलं तर..." टिटवी पुटपुटली.

"ताई, वाजव ना," शेपूट रडत म्हणाली.

ओळ संपत आली. टिटवीने डोळे घट्ट मिटले आणि नेमकं त्या रिकाम्या जागेत ठाण्‌कन वाजवलं!

गाणं अडखळलं, पण पुढे सरकलं. पुढची ओळ संपली. ठाण्! त्याच्या पुढची. ठाण्!

"थांबा सगळे!" ही आत्याआजी! तिला माइक लागत नसे. "पाइप वाजतोय म्हणता? इतका वेळ तालात होता. आणि चुकतोय तो कुठे? दरवेळी नेमका तिथेच! ती जागा ज्याला ठाऊक आहे, तोच तिथे वाजवेल. आपलंच पोर आहे ते! कुठे जातो हा पाइप? साहेब, किल्ल्या काढा. आधी किल्ल्या!"

दार उघडलं तेव्हा उजेडाने तिघांचे डोळे दिपले. आत्याआजीने हात पसरले होते, पण टिटवी तिच्या हाताखालून सटकली. "टेम्पो अडवा! टेप भंगारात चालल्यात!"

सगळी गाणारी मंडळी अंगणात धावली. टेम्पो चालू झाला होता. आत्याआजी त्याच्या पुढ्यात जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाजव किती वाजवायचाय तो हॉर्न," ती ड्रायव्हरला म्हणाली. त्याने मुकाट्याने इंजिन बंद केलं.

"पण बाई, फोटो आहेत ना आपल्याकडे," साहेब पुटपुटले.

"फोटोला कान लावून ऐकू का?"

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोलीत कोणी आहे का, हे न बघता कुलूप लावल्याबद्दल त्यांनी मुलांची माफी मागितली आणि डबे स्वतः उचलून आत ठेवले. ते काम मात्र झटपट करू नका, असं पेचकसने त्यांना बजावलं.

"शाब्बास रे पोरांनो!" सगळे म्हणत होते. "आमच्या डोळ्यांदेखत सगळं चाललं होतं आणि कळलं ते तुम्हाला!" पेचकस आणि शेपूट फुलून गेली. टिटवी मात्र आत्याआजीच्या पदराआड हुंदके देत होती.

"आजी, मी त्यांच्या जागेत वाजवलं. आजोबांच्या जागेत."

आत्याआजीने तिचं तोंड पुसलं. "तू हाक मारलीस गं. आपल्या माणसांना हाक मारलेली कधी चुकीची असते का?"

मग तिने आजोबांचा डबा शोधायला लावला. टेप हॉलमधल्या यंत्रावर चढली, खरखरली आणि डफ घुमला. टिटवीचा हात आपोआप मांडीवर ठेका धरू लागला. ओळ संपली. रिकामी जागा आली. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

त्या शांततेत आजोबांनी श्वास घेतला. टेपवर अगदी स्पष्ट ऐकू आला.

टिटवीने हात वरच धरून ठेवला आणि त्यांना पुरता श्वास घेऊ दिला.