मेरीलँडचं हरवलेलं शपथपत्र

"न्यायाधीश शपथेने बांधला गेला, की प्रजा मोकळी झाली!" इंग्लंडची वसाहत असलेल्या मेरीलँडच्या सभागृहाचे सभापती ग्रीव्हज गरजले. "आज आपण इतिहास घडवतो आहोत!"

आणि इतिहासाचा कागद उचलायला त्यांनी हात टाकला, तर टेबल रिकामं.

न्यायाधीशांनी इंग्लंडच्या कायद्यानेच न्याय करावा, अशी ती शपथ. सर्वांच्या सह्या झालेल्या. बाराच्या घंटेला गव्हर्नर अधिवेशन संपवणार. त्याआधी कागद त्यांच्याकडे पोचायला हवा.

दारवान बार्नबी धावत जाऊन डॉर्कसबाई पेलना घेऊन आला. हरवलेलं शोधून देणं, हा त्या विधवेचा धंदा. बार्नबीच्या धावण्याला कारण होतं. त्याचा भाऊ एमस तुरुंगात होता, उद्या निकाल. त्याने इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे पंचांची ज्यूरी मागितली, तर न्यायाधीश म्हणाले होते, "इंग्लंडचा कायदा समुद्रापलीकडे राहिला."

सकाळी टेबलाजवळ तिघेच गेले होते. बाईंनी तिघांना शपथेवर विचारायचं ठरवलं. बार्नबीने फितीने बांधलेलं बायबल पुढे केलं.

"एरवी सैल असते ही फीत," तो पुटपुटला. "आज कुणी एवढी आवळली?"

गव्हर्नरांचे चिटणीस लस्क यांनी शपथेच्या रिवाजाप्रमाणे ग्रंथाचं दणदणीत चुंबन घेतलं. "चोरायला मी जागा तर असायला हवा होतो! तुमची भाषणं चालू होती."

शपथ निषिद्ध मानणाऱ्या क्वेकर पंथाचा सभासद सायलस, त्याने डोक्यावरची टोपीही काढली नाही. "शपथ मी राजापुढेही घेत नाही, तुझ्यापुढेही नाही. कागद घेतला नाही म्हणजे नाही."

शेवटी म्हातारे कारकून थॉर्न आले. करकचून बांधलेले दप्तराचे गठ्ठे काखेतून उतरवून त्यांनी ग्रंथ दोन्ही हातांत धरला, ओठांशी नेला. "मला ठाऊक नाही, बाई."

"म्हातारा शाई प्यायला की काय?" बार्नबी कुजबुजला. "ओठ बघा."

बाईंनी बघितले. "बार्नबी, फीत सोड."

"बायबलची? ते कुणी उघडत नाही, बाई."

"म्हणूनच."

कागद आतच होता.

"लस्कसाहेबांचे ओठ कोरडे," बाई म्हणाल्या. "सायलसने ग्रंथाला हातच लावला नाही. थॉर्नकाकांनी मात्र ग्रंथाऐवजी स्वतःच्या अंगठ्याचं चुंबन घेतलं. खोट्या शपथेचं पाप लागू नये, म्हणून लोक असंच करतात. पण कारकुनाचा अंगठा शाईचा. आणि गाठ दप्तराची."

थॉर्न खाली बसले. "नक्कल करताना एक ओळ सुटली. नेमकी इंग्लंडच्या कायद्याची. डोळे गेलेत, बाई. सह्या झाल्यावर कळलं. गुपचूप ती ओळ भरणार होतो."

"एवढ्या जणांनी सह्या केल्या, वाचलं कुणीच नाही?"

सभापती छत न्याहाळू लागले.

"सकाळीच सांगितलं असतं तर, काका..."

"चाळीस वर्षांत एक चूक नव्हती."

"आता लिहा!" बार्नबीने त्यांच्या हातात लेखणी कोंबली. थॉर्न कागदावर वाकले. चार शब्द झाले आणि बाराची घंटा वाजली.

"अधिवेशन समाप्त," लस्क म्हणाले. "पुन्हा शरद ऋतूत."

हा कागद सापडला नसता तरी चाललं असतं, असं बाईंना आयुष्यात प्रथमच वाटलं. एमसचा निकाल उद्याच होता; बार्नबी त्या अर्ध्या ओळीकडे बघत उभा होता.

सभापतींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बार्नबी, जेवण निवतंय रे. माझी टोपी देतोस जरा?"