शालन कुरणेचं शून्य

"नळाला रोज पाणी येईल काय?" म्हातारीनं घागर खाली ठेवत विचारलं.

"माहीत नाही," शालन कुरणे म्हणाली. "भांडेन, एवढं नक्की."

तिच्या गळ्यातली पट्टी हिरवीच राहिली. यंत्रमागांची ती सगळी मागगल्ली हसली. "आली बघा माहीत-नाही-बाई," कुणीतरी म्हणालं, पण मायेनं.

त्या पट्टीला लोक साचपट्टी म्हणत. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराच्या गळ्यात अर्ज भरल्यापासून मतदानापर्यंत ती असायचीच. काढली की उमेदवारी रद्द. घशाच्या स्नायूंची बारीक थरथर आणि नाडी ती वाचायची. बोलणाऱ्याला स्वतःचंच बोलणं खोटं वाटलं की दिवा लाल, आणि त्या लालची मोजणी तत्क्षणी सगळ्यांच्या फोनवर. जगात खरं काय आहे ते तिला कळत नव्हतं. तिच्या विरोधात उभे असलेले आमदारसाहेब दहा हजार नोकऱ्यांची थाप मारत तेव्हाही त्यांची पट्टी बहुतेक हिरवीच राही, कारण वीस वर्षं तेच बोलून त्यांना ते पटलेलं होतं. निर्लज्ज माणूस पट्टीतून सुटायचा, लाजणारा सापडायचा. तरीही साहेबांचे लाल चौदा झाले होते. शालनचं शून्य. सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर बारा वर्षं काढलेल्या या बाईकडे गाड्या नव्हत्या, झेंडे नव्हते. लोक जमत होते ते त्या शून्यासाठी.

पट्टी आल्यापासून उमेदवार लग्नाला जाईनासे झाले होते. कोण सांगणार, जोडा कसा दिसतो ते? आजाऱ्याच्या घरी तर कुणीच पाऊल टाकत नसे.

"बाळगोंडा आण्णांकडं नको, ताई," मौला मुजावर म्हणाला. माग कामगारांच्या युनियनचा चिटणीस, आणि तिचा एकमेव पूर्णवेळ कार्यकर्ता. "मतदानाला बारा दिवस राहिलेत."

"आण्णांचा निरोप आहे. माझ्या अर्जावर सूचक म्हणून पहिली सही त्यांची. युनियनच्या मोर्चाला माग बंद करून आलेला पहिला जॉबर, मागांचा मिस्त्री. नाही कशी जाऊ?"

दारातच आण्णांच्या बायकोनं, पद्माक्कांनी, तिचा हात धरला. "फुफ्फुस गेलंय. डॉक्टर दोन महिनं म्हणाले," त्या कुजबुजल्या. "त्यांना ठाऊक न्हाई. धुळीचा खोकला म्हणून सांगितलंय. तुम्ही जेवणाखाणाचं बोला, दुसरं नको."

आण्णा उशीला टेकून बसले होते. शर्ट आता त्यांच्या अंगावर नुसता लोंबत होता. "पद्मे, चहा टाक. आलं ठेचून घाल," ते म्हणाले. अक्का आत जाईपर्यंत थांबले.

"शालन, तू निवडून आलीस तर सहा महिन्यांनी, हिवाळ्यात, नागपूरला अधिवेशन. मी वर गॅलरीत बसून तुझं भाषण बघणार. असेन नव्हं मी?"

आधी खोकला बरा होऊ द्या, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. ते तिनं गिळलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून माणूस हेच तर बोलतो. ज्यांनी हा कायदा केला, ते कधी कुणाच्या उशाशी बसले नसावेत. तिचा हात पट्टीच्या बकलाकडे गेला.

"काढू नको," आण्णा म्हणाले. "ती आहे म्हणून तर बोलावलं. घरात समदी गोड बोलत्यात. डॉक्टरबी. आता विचारायला तू एकटीच उरलीस. सांग."

"नाही, आण्णा. नसाल."

पट्टी हिरवी. इतका वाईट हिरवा रंग शालननं आयुष्यात पाहिला नव्हता.

आण्णांनी मान डोलावली. "वाटलंच होतं. मतदानाला तेवढं खुर्चीतनं न्या. मत वाया जाऊ नये." मग आवाज आणखी उतरला. "पद्मीला कळू देऊ नको, मला कळलंय म्हणून. दिवसभर हसून बोलती माझ्याशी आणि मोरीत जाऊन रडती. कळलं तर हसायचं बी सोडंल."

"नाही कळू देणार."

हिरवी.

चहा पिऊन शालन बाहेर पडली तेव्हा गल्ली दारासमोर उभीच होती. पद्माक्का उंबऱ्यापर्यंत येऊन कुजबुजल्या.

"काय बोलले? कळलं न्हाई नव्हं त्यांना?"

शालन गप्प राहिली. गप्प राहणं हेही उत्तरच, ते अक्कांना कळत होतं. त्या पुढे आल्या, शालनचा पदर धरला आणि तिच्या गळ्याभोवती गुंडाळला. पट्टी झाकली गेली.

"मला दिवा बघायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं सांगा."

"नाही अक्का. त्यांना काही कळलेलं नाही. नागपूरला यायचं म्हणत होते."

अक्कांचा चेहरा सैल झाला. पदर सोडून त्या लगबगीनं आत गेल्या, आणि आतून त्यांचा हसून बोलल्याचा आवाज आला.

मौलाचा फोन थरथरला. मग शेजारच्याचा, मग गल्लीतल्या सगळ्यांचे. शून्याचा एक झाला होता.

दोघं कोपऱ्यापर्यंत आले. तिथं मौला थांबला.

"ताई, संध्याकाळच्या सभेत पहिला प्रश्न हाच येणार, कुठं खोटं बोललात म्हणून. पद्माक्काबी येत्यात सभेला. खरं सांगितलं तर त्यांना कळंल, न्हाईतर दुसरा लाल. काय सांगणार?"