मर्लने मागितलेला पुरावा

हे घडलेलं आहे. सांगताना माझं चुकेल कदाचित, माझं आयुष्य पुस्तकांत गेलं. पण जे ऐकलं, त्यात चूक नाही.

इंडियाना. ब्याण्णव सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाची संध्याकाळ. माझ्या थोरल्या भावाचं, हार्लनचं शेत.

गोठ्याच्या दारावर बास्केटबॉलची जुनी रिंग होती. तिला लोखंडी साखळ्यांची जाळी. चेंडू आत गेला की खळ्ळ वाजायची.

आमच्याकडे सगळे 'घोडा' खेळतात. एकाने जसा नेम मारला, तसाच दुसऱ्याने मारायचा. ठरलेल्या चुका भरल्या की बाद. पण शेवटच्या चुकीवर हरणारा ओरडतो, "पुरावा!" मग पहिल्याला तोच नेम पुन्हा मारून दाखवावा लागतो. तो हुकला, तर हरणारा वाचतो.

पुरावा कोणी नाकारत नाही.

हार्लनने नाकारला होता.

पोरवयात. शेजारच्या मर्लला. जो हरेल, त्याने शेतावरच्या घराएवढ्या कोठीत साठवलेल्या मक्यावरून चालून दाखवायचं, अशी पैज होती. मर्लने पुरावा मागितला. हार्लन हसला, चेंडू काखेत मारून स्वयंपाकघराच्या दाराने घरात निघून गेला.

मी तेव्हा फार लहान होतो. ते हसू आणि आपटलेलं दार, एवढंच मला आठवतं.

मर्ल कोठीत गेला. पायाखालचा मका सरकला... आणि त्याला गिळून बसला.

त्यानंतर त्या पत्र्याच्या कोठीत कोणी एक दाणाही भरला नाही.

त्या संध्याकाळी हार्लन आणि त्याचा मुलगा टॉड खेळत होते. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसलो होतो. टॉडची शेवटची चूक झाली.

"पुरावा, डॅड!"

"माझ्या अंगणात पुरावा नसतो."

"काका, बघा, म्हातारा टरकला!" टॉड हसत सणाचं गोड खायला आत पळाला.

हार्लनने चेंडू उचलला. काखेत धरला.

आणि...

खळ्ळ.

साखळ्या हलत होत्या. चेंडू त्याच्या काखेतच होता.

"वारा असेल," मी म्हणालो.

गोठ्यामागच्या झाडाची वाळकी पानं स्तब्ध होती.

पंपाशेजारून चेंडू आपटल्याचा आवाज आला. थप... थप... तिथे कोणी नव्हतं. मग पुन्हा साखळ्या खळखळल्या.

हार्लनचा चेहरा उतरला. "पंपाच्या कोपऱ्यातून, डाव्या हाताने," तो पुटपुटला. "हा मर्लचा नेम."

"हार्लन, आत चल रे."

"गप्प बस! मी खेळ सोडला तर तो टॉडला धरेल."

तो पंपापाशी गेला. डाव्या हाताने मारला. हुकला.

थप... थप... खळ्ळ.

पुन्हा हुकला.

असंच होत राहिलं. मी त्याची बाही ओढली, त्याने झटकली. शेवटच्या चुकीला चेंडू रिंगच्या कडेवर आपटून गवतात गेला, आणि माझा भाऊ रडवेल्या आवाजात ओरडला,

"पुरावा! मर्ल, पुरावा दे!"

सगळं शांत झालं.

मग कोणीतरी हसलं.

ते हसू मर्लचं नव्हतं. ते हार्लनचं होतं... त्याच्या पोरवयातलं.

पावलं माझ्या अगदी जवळून गेली आणि घराच्या पायऱ्या चढली. गारठा लागला. स्वयंपाकघराचं दार आपोआप उघडलं आणि धाडकन आपटलं.

आतून टॉड ओरडला, "डॅड, दार हळू लावा ना!"

मी वळून पाहिलं. हार्लन कोठीकडे निघाला होता. मान खाली, हरलेल्या पोरासारखा. मी हाका मारत मागे धावलो. कोठीचा लोखंडी दरवाजा माझ्या तोंडावर बंद झाला. टॉड आला, आम्ही दोघांनी जोर लावला तेव्हा कुठे उघडला.

तो कोरड्या, रिकाम्या जमिनीवर पडला होता. तोंडात, नाकात, घशात खोलवर मक्याचे दाणे. ताजे, पिवळे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. दाण्यांबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

मी म्हातारा माणूस, भ्रम झाला असेल असं स्वतःला समजावतो. टॉड अजून मित्रांसोबत त्या रिंगखाली खेळतो. मी त्याला बजावलंय, कोणी पुरावा मागितला तर देत जा. तो हसतो.

आता मीही याच घरात राहतो. हे स्वयंपाकघरातच बसून लिहितोय.

त्या संध्याकाळी जो या दाराने आत आला...

तो बाहेर गेलेला मी अजून ऐकलेला नाही.