जांभळ्या शाईची रेघ

एक नोव्हेंबरच्या सकाळी ग्रोव्हर तार्कीने लेकीला बालवाडीत सोडलं, कोपऱ्यावरच्या बाईकडून दोन कडक पाव घेतले आणि नेहमीच्या वेळेला ऑफिस गाठलं. बोलिव्हियात, ला पाझमध्ये त्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला मेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी टेबल मांडतात. त्यावर फोटो, फळं, आवडीचं खाणं, आणि रंगवलेल्या चेहऱ्याचे बाहुलीसारखे पाव. ऑफिसच्या व्हरांड्यातही वारलेल्या सहकाऱ्यांसाठी असं टेबल मांडलं होतं.

फोटो सात होते. ओर्तेन्सियाबाईंचा नव्हता. त्याला कारण खुद्द ग्रोव्हर, पण त्या सकाळी ते त्याच्या मनातही आलं नाही.

ओर्तेन्सिया विल्काबाईंनी या ऑफिसात बावीस वर्षं एकच काम केलं. कुणी नोकरी सोडली, की त्याचं नाव कॉम्प्युटरवरच्या तीनशे फोल्डरांतून काढायचं. एकेक उघडायचं, नाव शोधायचं, परवानगी काढायची, आणि वहीत त्या ओळीवर पट्टी धरून जांभळ्या शाईची रेघ मारायची. एका फोल्डरला चाळीस सेकंद. सव्वादहाला बरोबर दहा मिनिटं उठून बडीशेपेचा चहा. साडेआठला बसल्या की बाराला काम संपलेलं. गेलेल्या माणसाचं स्वतःचं फोल्डर मात्र त्या कधी पुसत नसत. ‘बाद’ नावाच्या जागी जपून ठेवत. म्हणत, कुणाला कधी लागेल सांगता येत नाही.

मग ग्रोव्हर आला. शिकलेला, चलाख, आणि जरा जास्तच हसणारा. त्याने एक प्रोग्राम लिहिला. यादीत नाव टाकलं, की चार मिनिटांत माणूस तीनशे ठिकाणांहून बाहेर. त्याचं फोल्डर ‘बाद’मध्ये जाई आणि तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाई. मध्येच थांबवायची सोय त्याने मुद्दामच ठेवली नाही, कुणाला लुडबुड करता येऊ नये म्हणून. साहेब बेहद्द खूश झाले. आता बाईंची गरज काय? यादीत पहिलं नाव पडलं ते बाईंचंच.

साहेबांना गंमत दाखवायची म्हणून ग्रोव्हरने तो प्रोग्राम बाई खुर्चीत बसलेल्या असतानाच चालवला. त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक दार बंद होत गेलं. त्याला हे टाळता आलं असतं. पण त्याला मजा येत होती.

“दहा मिनिटं थांबव रे, इंजिनियर,” बाई हळूच म्हणाल्या. “माझ्या फोल्डरात नायराचे फोटो आहेत. घरातले फोटो सगळे पुरात गेले, बाळा... तेवढे काढून घेते.”

नायरा त्यांची एकुलती एक मुलगी. पाचव्या वर्षी तापाने गेली होती.

“प्रोग्राम थांबत नसतो, बाई,” ग्रोव्हर हसत म्हणाला. “तो काय तुमच्यासारखा चहाला उठतो?”

साहेब खो-खो हसले.

पुढचे तीस दिवस बाई रोज ऑफिसच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या कार्डाने दार उघडत नव्हतं. चौकीदार पोलिकार्पो भला माणूस, पण नोकरीला जपणारा. “यादीत नाव नाही, बाई,” तो म्हणे. “माझ्या हातात काय आहे?” तिसाव्या दिवसानंतर बाई आल्या नाहीत. ऑगस्टमध्ये त्या वारल्या. व्हरांड्यातल्या टेबलासाठी मेलेल्यांची नावं ‘बाद’मधल्या फोल्डरांवरून काढली, आणि बाईंचं फोल्डर तर तिथून केव्हाच पुसलेलं. जिला ना घर ना पोर, तिला उभ्या शहरात हे एक टेबल होतं. तेही गेलं.

मेलेले बाराला येतात. पण बावीस वर्षांची सवय ती, बाई साडेआठलाच कामावर हजर झाल्या.

ग्रोव्हरच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पहिली नोंद उमटली: ग्रोव्हर तार्की, परवानगी काढली. चाळीस सेकंदांनी दुसरी. बदल करणाऱ्याचं नाव, विल्का.

“कोण रे तो शहाणा?” ग्रोव्हर मोठ्याने ओरडला. “बाईंच्या नावाने थट्टा कोण करतंय?”

त्याने विल्का हे नाव शोधलं. ते कुठेच नव्हतं. त्याने मशीनची नेटवर्कची केबल उपटली. नोंदी येतच राहिल्या, ना घाईने, ना उशिराने, चाळीस-चाळीस सेकंदांनी. सव्वादहाला नोंदी थांबल्या. बंद खोलीत बडीशेपेचा वास दरवळला आणि पाठीमागे कुणीतरी कपात हळूहळू चमचा फिरवत राहिलं... ग्रोव्हरने मागे वळून पाहिलं नाही. त्याची छातीच झाली नाही. दहा मिनिटांनी पुन्हा चाळीस सेकंदांचा ठेका सुरू झाला.

तीनशेवं फोल्डर उरलं तेव्हा बाराला मिनिटभर कमी होतं. त्या फोल्डरचं नाव होतं ‘अबिगाइल’. त्याची चार वर्षांची लेक. तिची आई दोन वर्षांपासून माद्रिदला परक्या म्हाताऱ्यांची सेवा करत होती. तिला पाठवायला म्हणून ग्रोव्हर रोज लेकीचा एक फोटो त्यात ठेवत असे. घरात ती दोघंच, आणि त्या पोरीत त्याचा जीव गुंतलेला. पडद्यावर अक्षरं आली: हे उघडण्याची आपल्याला परवानगी नाही. मग फोल्डर ‘बाद’मध्ये गेलं. शेजारी आकडा लागला, तीस दिवस.

तो धावत सुटला. बालवाडी दोन गल्ल्यांवर होती. टीचर फाटकाशी कागद घेऊन उभ्या होत्या. मुलांना कोण नेऊ शकतं त्याची यादी.

“टीचर, अबिगाइलला पाठवा... लवकर!”

“आपण कोण?”

“मी ग्रोव्हर! सकाळी मीच नाही का सोडलं तिला? बाप आहे मी तिचा!”

“यादीत नाव नाही, साहेब.”

नाव होतं. त्यावर पट्टी धरून मारलेली जांभळी रेघ होती आणि शाई अजून ओली होती. खाली गोल अक्षरात लिहिलं होतं: ओर्तेन्सिया विल्का, आजी.

“आजी बाराच्या ठोक्याला घेऊन गेल्या की,” टीचर म्हणाल्या. “किती मायाळू आहेत हो! हाताला आणखी एक मुलगी होती. नायरा नाव सांगितलं तिने. म्हणाली, आता मला खेळायला कुणीतरी मिळालं...”

दुसऱ्या दिवशी बाराला बाकीचे मेलेले परत गेले. अबिगाइल आली नाही. पोलिसांनी चार दिवस शोध घेतला आणि मग ग्रोव्हरकडेच मुलीचा जन्मदाखला मागितला. त्याने कपाटातून काढून दिला. बापाच्या नावाच्या जागी जांभळी रेघ होती. त्यानंतर ते त्याच्याशी वेगळ्या आवाजात बोलू लागले. माद्रिदहून बायकोने एकदाच फोन उचलला आणि विचारलं, “कोण बोलतंय?”

तिसाव्या दिवशी तो ऑफिसच्या दाराशी आला. रोजच येत होता. त्याच्या कार्डाने दार उघडत नव्हतं. काचेपलीकडे त्याची खोली दिसत होती, खुर्ची रिकामी, पडदा चालू.

“नवा माणूस आला का रे?”

“नाही. दुसऱ्या कुणाला तुमचा तो प्रोग्राम कळत नाही म्हणतात.” पोलिकार्पोने नजर चुकवली.

आतून माऊसचा टिक आवाज आला. चाळीस सेकंदांनी पुन्हा टिक. सव्वादहाला आवाज थांबला. दाराच्या फटीतून बडीशेपेचा वास आला, आणि दोन लहान मुली हसल्या. त्यांतली एक कोण, हे त्याला सांगायला नको होतं.

“पोलिकार्पो, दहा मिनिटं...” तो काचेला कपाळ टेकून म्हणाला. “दहाच मिनिटं, बाबा. आज तिसावा दिवस आहे.”

“यादीत नाव नाही, इंजिनियर. माझ्या हातात काय आहे?”

दहा मिनिटं दोघी मनसोक्त हसत होत्या. मग त्यांतली एकच हसत राहिली, आणि ती त्याची नव्हती. आत टिक वाजलं.