एकशे नव्वद खेपा

शोरूममधल्या नव्याकोऱ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले होते.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. शटर अर्धं वर करून मी पाण्याची बाटली भरायला मागे गेले आणि परत येऊन बघते तर... पाय! बाटली हातातून सुटली आणि मी अशी किंचाळले की समोरचा चहावाला गाळणी घेऊनच धावत आला. माझी आई म्हणते, किमयाला धक्का बसला की तिच्या तोंडात माशी जाऊन, चहा पिऊन बाहेर येईल. त्या दिवशी माशीला खारीसुद्धा खाता आली असती.

पाय हलले. मग शर्ट बाहेर आला, आणि शेवटी एक सावळा, हसरा चेहरा.

"वीत भरायला दोन बोटं कमी हाय," तो म्हणाला.

"काय कमी आहे?"

"गाडीचं पोट. जमिनीपासून. आमच्या सूर्यमाळच्या रस्त्याला दगडं कशी हाय ते माहिताय ना? पण चालंल." तो हात झटकत उभा राहिला. "मी मंगेश. मोखाडा–सूर्यमाळ जीप माझीच. घाबरलात काय मॅडम?"

"छे! मी कशाला घाबरू?" मी म्हणाले. फरशीवरचं पाणी तेवढ्यात माझ्या पायाशी आलं.

जव्हारची आमची शोरूम म्हणजे दोन गाड्या, तीन खुर्च्या, एक पंखा आणि मालक श्रीकृष्णशेठ. शेठ बाराशिवाय येत नसत, त्यामुळे गिऱ्हाईक माझ्या वाट्याला. मी पाठ केलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं आणि शेवटी भाव सांगितला. सात लाख बेचाळीस हजार, सगळं धरून.

त्याने वर छताकडे बघितलं. ओठ हलत होते. "म्हंजे तीन हजार सातशे दहा खेपा."

"खेपा?"

"मोखाड्याहून वर एक खेप मारली का तेलपाणी जाऊन दोनशे सुटतात. आमच्यात कशाचाबी भाव खेपांत करायचा. नायतर लाख म्हंजे किती, ते ध्यानात येत नाय." त्याने खिशातून शाळेची वही काढली. "आता हे 'सगळं धरून' जे हाय ना, ते सोडून दाखवा. एकेक. लिहून."

असं आजवर कुणी मागितलंच नव्हतं. लोक यायचे, "जरा कमी करा" म्हणायचे, मी दोन पायपुसण्या फुकट द्यायचे आणि पेढे वाटून ते घरी जायचे. मी लिहायला बसले. गाडीची मूळ किंमत, नोंदणी, विमा, सीट कव्हरांचं किट, हाताळणी खर्च.

"हाताळणी म्हंजे?"

"म्हणजे... गाडी हाताळायची असते ना."

"कोण हाताळतं?"

"आम्ही."

"तुमी का?" त्याने माझ्या हातांकडे बघितलं. नुसतं बघितलं हो... पण मी हात टेबलाखाली घेतले.

त्यानंतर तो चार वेळा आला. दर वेळी चपला दाराबाहेर नीट जोडीने काढून, वही घेऊन. कधी नाशिकचा भाव विचारून आलेला असायचा, कधी विम्याचा. निळ्या पट्ट्याच्या त्या चपला मला लांबूनही ओळखू यायला लागल्या. मार्च लागला होता, त्याच्या शर्टाला मोहाच्या फुलांचा वास यायचा, आणि मी कामावर जाताना कानांत झुमके घालायला लागले होते. कशाला, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

"एवढी घासाघीस कशाला करता?" मी एकदा चिडवलं. "की आमच्या पंख्याचा वारा आवडतो?"

"पंखा तर कुरकुरतो," तो म्हणाला आणि हसला. मग गंभीर झाला. "पैसे माझे एकट्याचे नाय. जीप कवा मरंल सांगता येत नाय. उन्हाळ्यात पाण्याची टिपाडं तिच्यातच येतात, पेशंट तिच्यातच जातो. म्हणून पाड्यावरच्या बारा घरांनी जमवलेत. एक रुपया जास्त गेला तर बारा उंबऱ्यांवर मान खाली घालून उभं राहायला लागंल."

त्या दिवशी मी किट आणि हाताळणी खर्च खोडला. बावीस हजार गेले. सात लाख वीस राहिले. "बस. यापुढे एक रुपयाही कमी होत नाही. आईशप्पथ."

त्याने वही मिटली. "शपथ घेतलीत ना? मंग संपलं. उद्या नाशिकला जाणार होतो, ते बी नको आता. येत्या बाजाराच्या दिशी पैसे भरतो."

"अहो, पण जाऊन तरी या!"

"आमच्याकडं शपथेवर परत भाव विचारत नाय. विचारलं तर तुमची आई काय म्हणंल?"

माझ्या शब्दावर एवढं वजन कुणी ठेवलं नव्हतं. घरी तर मी मिठाचं प्रमाण सांगितलं तरी आई चव घेऊन बघते.

आणि चारच दिवसांनी खरा धक्का बसला.

शेठच्या कॉम्प्युटरवर मी जुनी पत्रं शोधत होते. कंपनीचं एक पत्र वीस दिवसांपूर्वी आलेलं. गेल्या वर्षी बनलेल्या गाड्यांवर अडतीस हजारांची सूट, गिऱ्हाइकाला द्यावी. मी धावत जाऊन गाडीच्या दारातली पट्टी वाचली. डिसेंबर. गेल्या वर्षीचा डिसेंबर!

"शेठ, ही सूट..."

"ती मागणाऱ्याला द्यायची असते," शेठ सुपारी कातरत म्हणाले. "त्यानं मागितली?"

"त्याला माहीतच नाही! आणि मी त्याला शपथ घेऊन सांगितलंय!"

"शपथ? धंद्यात?" शेठ मनापासून हसले. "कुणाची घेतलीस? आईची ना? त्या ठणठणीत आहेत, काल बाजारात दिसल्या."

मला रडूच आलं. पैसे भरायला दोनच दिवस उरले होते. मी पर्स उचलली आणि मोखाड्याची एसटी पकडली.

मोखाड्याच्या स्टँडवर त्याची जीप उभी होती. मला बघून आता तोंड उघडं पडायची पाळी त्याची होती. "मॅडम? तुमी?"

"बोलायचंय. एकट्याशी."

त्याने जीपकडे बघितलं. आत नऊ माणसं, दोन कोंबड्या. "भरल्याशिवाय निघत नाय, आणि भरल्यावर एकटा नसतो," तो म्हणाला. "बसा पुढं."

पुढे मधे मी, खिडकीशी एक म्हातारी. सगळे तिला नवशीआजी म्हणत होते. निघण्याआधी त्याने भाडं गोळा केलं. सगळ्यांचे चाळीस. त्याच्या सख्ख्या मामाचेही घेतले! मागे बसलेल्या पोशी नावाच्या मुलीपुढे मात्र त्याने हात केला नाही.

"ती बहीण त्याची," नवशीआजीने मला सांगितलं. "ड्रायव्हर घरच्याचं भाडं घेत नाय. बाकी देव आला तरी चाळीस."

घाटात पळस फुललेले होते. गिअर बदलताना त्याचा हात माझ्या ओढणीला लागायचा आणि तो "सॉरी" म्हणायचा. तीन सॉरी झाले. चौथ्याला माझ्याच्याने राहवेना.

"माझी शपथ खोटी निघाली," मी म्हणून टाकलं.

जीप थांबली. इंजिनही बंद झालं. मागे कोंबड्यासुद्धा गप्प बसल्या.

मी सगळं सांगितलं. पत्र, डिसेंबर, अडतीस हजार, शेठचं 'मागणाऱ्याला द्यायची असते'. "मला माहीत नव्हतं हो. पण माहीत करून घ्यायला हवं होतं. शपथ घेण्याआधी."

तो समोरच्या काचेतून बघत होता. मला वाटलं, आता खाली उतर म्हणेल.

"किती खेपा?" मागून मामा म्हणाला.

"एकशे नव्वद," मंगेश हळूच म्हणाला.

"एकशे नव्वद!" आख्खी जीप ओरडली. तेव्हा कळलं, या नऊजणांतले सहाजण त्या बारा घरांतलेच होते. मी मान खाली घातली.

"फोन करायचा ना," तो म्हणाला. "एवढ्या लांब कशाला आलात?"

"शपथ समोर बसून घेतली होती. फोनवरून परत कशी घेणार?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे वळून बघितलं. मग जीप सुरू केली. सूर्यमाळला उतरताना मी चाळीस रुपये पुढे केले. वाटलं होतं, नको म्हणेल. त्याने घेतले. तासाने त्याच जीपने खाली आले, तेव्हाचेही चाळीस घेतले! एवढा मोठा अपराध झाला होता तर माझा. जव्हारपर्यंत एसटीत मी तोंडावर ओढणी धरून बसले.

बाजाराच्या दिवशी शोरूमच्या दारात चपलांचे तेरा जोड होते. बारा घरांची बारा माणसं फरशीवर मांडी घालून बसली होती आणि मंगेश उभा. "सूट मागायला आलोत शेठ," तो म्हणाला. "मागणाऱ्याला देतात ना?"

शेठची सुपारी घशात अडकली. मी पाणी दिलं. शेठनी बारा चेहऱ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पर्स आवरूनच ठेवली होती. पण दुपारपर्यंत सहा लाख ब्याऐंशीची पावती फाटली, आणि संध्याकाळी शेठ चहावाल्याला सांगत होते, "सूट मीच आठवणीने दिली हो! गरिबाची गाडी!" माझी नोकरी राहिली. मंगेश मात्र सह्या करून गेला, माझ्याशी एक शब्द न बोलता.

तीन आठवडे निळ्या चपला आल्या नाहीत. शेवटी पहिल्या सर्व्हिसच्या कार्डावर त्याची सही हवी म्हणून मी मोखाड्याला गेले. फोन करून त्याला बोलावलं असतं तरी सही झाली असती, हे मला माहीत होतं. आईलाही माहीत असावं, कारण तिने झुमक्यांकडे बघून काहीच विचारलं नाही.

नवी गाडी झेंडूच्या माळेसह उभी होती. पुढची सीट रिकामी होती. बाकी गाडी भरलेली.

"निघायचं नाही का?" मी विचारलं.

"एक सीट रिकामी हाय ना," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "तीन आठवडे तिच्यावर बसवायला कुणी गावलं नाय."

"खोटं! रोज मला मागं कोंबतो," मागून नवशीआजी ओरडली.

मी बसले. त्याने भाडं गोळा केलं. सगळ्यांचे चाळीस, मामाचेही चाळीस. मी दोन विसाच्या नोटा पुढे केल्या. त्याने त्या घेतल्या... आणि माझ्या पर्सवर परत ठेवल्या.

मला कळेना. मग कळलं. आणि माझं तोंड जे उघडलं ते उघडंच राहिलं. मामाच्या हातातली विडी खाली पडली.

"मंगेश, हे... काय करताय तुम्ही?"

"मला शपथ वगैरे घेता येत नाय," तो स्टिअरिंगकडे बघत म्हणाला. "त्या दिशी तुमचं भाडं घेतलं, तवा हात भाजला. जाताना बी, येताना बी. पण तुम्हाला न विचारता कसं सोडणार? आज विचारतोय. पटत नसंल तर चाळीस द्या. मी गुमान घेईन, सूर्यमाळला सोडीन, कार्डावर सही करीन."

"आगं पोरी, उचल नायतर दे त्याला!" नवशीआजी म्हणाली. "माझ्या हातातलं दूध नासतंय."

दोन नोटा पर्सवर पडून होत्या. अकरा जण श्वास रोखून माझ्या बोटांकडे बघत होते. मी त्या उचलल्या. त्याचा चेहरा एकदम पडला.

मी पर्स उघडली, नोटा आत ठेवल्या आणि चेन लावली.

"चला आता," मी म्हणाले. "गाडी भरली."