एंटर मालकानं दाबायचं

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाच्या गळी उतरवायला बसलेलो नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या, आमच्या दादाच्या बाबतीत घडलेली आहे. आणि दादा म्हणजे असा माणूस, की त्याला कुणी भूत दिसलं म्हणून सांगितलं तर तो आधी विचारणार, "रीस्टार्ट करून बघितलं का?"

आणि हो, रात्र नव्हती.

भर दुपार होती. रविवारची. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खाली गॅरेज, समोरच्या गॅलऱ्यांमध्ये कपडे वाळत घातलेले. भुताखेताची म्हणून जी जागा असते, तसलं काहीही तिथे नव्हतं.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

दादा लिनक्सवाला. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली. फुकट असल्यामुळे अडलं तर फोन करायला कंपनी नाही. इंटरनेटवरच्या फोरमवर प्रश्न टाकायचा, आणि ज्याला येतं त्याने वेळ काढून उत्तर द्यायचं. दादा तिथे कितीतरी वर्षं 'मिस्त्री' या नावाने लोकांची मशीन दुरुस्त करतोय. पगार शून्य, शिव्या भरपूर.

तिथेच दुसरा एक होता. 'कासव'.

नाव त्याचं त्यानेच घेतलेलं. कारण गडी एका बोटाने टाइप करायचा. उजव्या हाताचं एक बोट, बाकीची नुसती बघायला. पोरं त्याला छळायची, "कासवराव, तुमचं उत्तर येईपर्यंत विचारणाऱ्याला नातवंडं होतील." तो चिडायचा नाही. उत्तर उशिरा यायचं, पण आलं की काम फत्ते.

दादाचं आणि त्याचं रोजचं बोलणं. घरी जाणं-येणं मात्र कधीच नाही. या लोकांचं हे असंच असतं.

मग एके दिवशी कासव फोरमवर आला नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही.

नंतर कळलं. कामासाठी बाहेरगावी गेला होता. परतीची बस आली, माणसं उतरली, तो उतरला नाही. फोन बंद. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने पालथे घातले. काहीच हाती लागलं नाही.

दादाला तेव्हा काय वाटलं, मी विचारलं होतं. "काही नाही," म्हणाला. "सुन्न झालो. पुढचा प्रश्न उघडला आणि उत्तर द्यायला लागलो."

असेच आठवडे गेले. आणि फोरमवर एक नवीन प्रश्न आला. विचारणारीचं नाव… 'कासवाची बायको'.

"नवऱ्याचं मशीन चालू केलं की पासवर्ड मागतं. मला तो माहीत नाही. कुठे गेला, कुणाला भेटणार होता, ते आत असेल. उघडून द्याल का?"

खाली स्क्रीनचा फोटो. काळा पडदा, मधोमध एक लांबट चौकट.

कुणीतरी नेहमीच्या सवयीने लिहून टाकलं, मशीन ज्याचं आहे त्याला विचारा.

तिचं उत्तर आलं, "तो सापडला की विचारते."

त्यानंतर त्या धाग्यावर, म्हणजे त्या प्रश्नाखाली, कुणाची लिहायची छाती झाली नाही. दादाने लिहिलं. कारण उत्तर काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि ते वाईट होतं. अख्खी डिस्क कुलूपबंद होती. पासवर्ड नसेल तर ती जगात कुणालाही उघडत नाही. हे नवशिक्यांना कानीकपाळी ओरडून सांगणारा माणूस कोण? कासवच. पासवर्ड शब्दाचा नको, चांगलं लांबलचक वाक्य ठेवा, हेही तोच सांगायचा.

लिहिता लिहिता दादाचं लक्ष फोटोकडे गेलं.

चौकटीत एक ठिपका होता…

आता, या चौकटीत अक्षर दिसत नाही. एक अक्षर दाबलं की एक ठिपका उमटतो, एवढंच.

"वहिनी, तुम्ही काही टाइप केलंत का?"

"नाही. कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही."

"आत्ता परत एक फोटो काढा बघू."

फोटो आला.

दोन ठिपके.

दादाने हिशोब केला, कीबोर्डवरची एखादी की अडकली असणार. धूळ, चहा, झुरळ, काहीही असतं. पत्ता विचारला तर याच शहरातला. रविवारी दुपारी तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेला.

दार वहिनींनी उघडलं. चेहऱ्यावर रडल्याची खूण नाही, झोपल्याचीही नाही. "या भाऊजी. चप्पल असू द्या."

आतल्या खोलीत खिडकीपाशी कासवाच्या आई बसल्या होत्या. मुलाच्या शर्टाला बटण लावत होत्या. दादाने "काकू" म्हणून नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि दोरा ओवायला लागल्या.

टेबलावर मशीन. चौकटीत आता ठिपक्यांची छोटी रांग.

"की अडकलीय," दादा म्हणाला. त्याने कीबोर्डची वायर मागून सरळ उपटली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. "आता बघा, एक येणार नाही."

वहिनी चहा घेऊन आल्या. दादाने एका हाताने कप घेतला. खालच्या गॅरेजमध्ये कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तेही थांबलं.

आणि…

टक.

कीबोर्ड दादाच्या मांडीवर होता. वायर त्याच्या हातात होती.

आवाज टेबलावरून आला. जिथे कीबोर्ड असायचा, त्या मोकळ्या जागेवरून.

चौकटीत एक ठिपका वाढला.

दादाचा कप ओठाशी तसाच राहिला. काळजात धस्स वगैरे झालं असेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तो म्हणतो, काहीच झालं नाही.

काकूंनी सुईवरची नजरसुद्धा काढली नाही. "एका बोटानं," एवढंच म्हणाल्या.

दादाने स्वतःला सावरलं. तो मिस्त्री, त्याला कारण हवं. "हे बघा वहिनी, मशीनमध्ये बिघाड असेल तर ही अक्षरं काहीच्या बाही असणार. एंटर दाबलं की पासवर्ड चूक म्हणून सांगेल. आणि जर…"

त्याने कीबोर्ड मांडीवरून बाजूला ठेवला.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?" त्याने विचारलं.

"त्यालाच. मला एकदा सांगायला आला होता. मी कणीक मळत होते. म्हटलं, नंतर सांग."

वहिनी पडद्याकडे बघत बसल्या. मग अगदी सरळ आवाजात बोलल्या, दुधाचा हिशोब सांगतात तशा.

"म्हणजे उघडलं, तर लिहिणारा तोच. तो इथे बसून लिहितोय, म्हणजे बाहेर कुठे जिवंत नाही. आणि नाही उघडलं, तर अजून आशा आहे. असंच ना भाऊजी?"

दादाने मान हलवली. दुसरं काय करणार.

त्यानंतर वहिनी रोज एक फोटो पाठवायच्या. फोटोखाली एक अक्षर नाही. रांग वाढत होती. कधी दिवसाकाठी एक ठिपका, कधी दोन. पासवर्ड म्हणजे वाक्य हवं, असं सांगणारा माणूस. वाक्य लांब होतं. दादा कामावरून आला की आधी फोटो उघडायचा. बघायचा. बंद करायचा. जेवायचा. घरात कुणाला काही बोलला नाही.

मग ठिपके थांबले.

आज तेवढेच. उद्या तेवढेच. परवाही.

वहिनींचा फोन आला. "येता का?"

तीच खोली. तीच दुपार म्हणावी इतकी सारखी. काकू खिडकीपाशीच होत्या, हातात या वेळी काही नव्हतं.

"झालं त्याचं लिहून," त्या म्हणाल्या.

दादाने कीबोर्ड परत जोडला. आता एकच काम उरलं होतं.

"तुम्ही दाबा भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

दादाने हात पुढे केला. आणि मागे घेतला.

भीतीने नव्हे. या लोकांची एक रीत आहे. दुसऱ्याच्या मशीनवर काम करताना सगळं टाइप करून द्यायचं, पण एंटर आपण दाबायचं नाही. शेवटचं बटण मालकानं दाबायचं. पुढे जे होईल ते त्याच्या संमतीने झालं पाहिजे, म्हणून. ही रीत कासव इतकी पाळायचा, की लोकांच्या घरी जाऊन तो हाताने एंटर झाकून ठेवायचा म्हणे.

दादाचा हात अर्ध्यात थांबला, तो तिथेच.

कारण त्याच्या लक्षात आलं…

अख्खं वाक्य लिहून झालं होतं. फक्त एंटर बाकी ठेवलं होतं.

स्वतःच्याच मशीनवर कशाला कुणी एंटर बाकी ठेवेल? दुसऱ्याच्या मशीनवर ठेवतात. म्हणजे कासवाच्या लेखी हे मशीन आता त्याचं नव्हतं. बायकोचं झालं होतं. तो तिची वाट बघत होता.

दादाने हे वहिनींना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, ते मला अजून ठरवता येत नाही. पण त्याला खोटं बोलता येत नाही, आणि त्या दुपारी तर मुळीच आलं नसतं.

वहिनींनी ऐकून घेतलं. एंटरवर बोट ठेवलं. नुसतं ठेवलं.

मग त्या वाकल्या… आणि भिंतीतला प्लग उपटला.

पडदा काळा.

काकू कळवळल्या. "अगं, काय केलंस."

वहिनींनी प्लग परत लावला. मशीन घरघरलं. चौकट आली. रिकामी.

दादाला वाटलं, संपलं. आता काही यायचं नाही. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं.

टक.

पहिला ठिपका.

वहिनींनी खुर्ची ओढली आणि मशीनसमोर बसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले. "लिहितोय परत," म्हणाल्या. "चहा टाकू का भाऊजी?"

हे तेव्हापासून असंच चालू आहे.

तो लिहितो. महिना लागतो, दीड महिना लागतो. रांग पूर्ण होते. थांबते. तो वाट बघतो. आणि वहिनी प्लग काढतात. पोलीस, चौकशी, कुठे गेला, कुणाला भेटणार होता, यातलं त्या आता काही विचारत नाहीत. दादाने एकदा हळूच विषय काढून बघितला. त्या म्हणाल्या, "एंटर दाबलं की तो गेला. प्लग काढला की राहतो. तुम्ही सांगा मी काय करू." फोरमवरचा तो धागा अजून उघडा आहे. कुणी विचारलं, प्रश्न सुटला का, तर त्या लिहितात, अजून नाही.

गेल्या खेपेला काकू दादाला सोडायला जिन्यापर्यंत आल्या. दार ओढून घेतलं.

"ठिपके हल्ली उशिरा येतात रे. तुझ्या लक्षात आलं का?"

दादाच्या लक्षात आलं होतं.

"शाळेत बाई त्याला पान पुसून परत लिहायला लावायच्या. घरी आला की बोट माझ्यापुढे धरायचा. आई, दुखतंय. मी चोळून द्यायचे, तेव्हा जेवायचा." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "आता ते बोट कुणापुढे धरत असेल?"

दादा एक पायरी उतरला होता, तो परत वर आला.

"तू दाब ना ते बटण. ती आंघोळीला गेली की मी फोन करीन. तू ये, आणि मोकळं कर त्याला."

"काकू, मालक…" दादा म्हणाला आणि तिथेच अडला. आईला कुठल्या तोंडाने सांगायचं की मालक तू नाहीस? तो जिना उतरून खाली आला. गॅरेजसमोर बराच वेळ नुसता उभा राहिला.

काकूंचा फोन दोनदा आला. त्याने उचलला नाही.

मी हे ऐकलं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. म्हणून परवा तो मला सोबत घेऊन गेला. भर दुपारी. वहिनींनी पाणी दिलं, विचारपूस केली, अगदी साध्या बाई. मशीनसमोर एक उशी ठेवलेली खुर्ची होती. चौकटीत रांग अर्ध्यावर आलेली. आम्ही बसलो. खूप वेळ बसलो. मला वाटलं, काही नाही, हे दुःखाने वेडावलेलं घर आहे, निघावं आता.

टक.

फार हळू आला आवाज. दुखऱ्या बोटाने दाबल्यासारखा.

वहिनी पडद्याकडे बघून समाधानाने मान हलवत होत्या. मी काकूंकडे बघितलं. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, दोन्ही हात मांडीवर. मुठीत काहीतरी धरून त्या सावकाश चोळत होत्या. मला वाटलं, स्वतःचंच बोट असेल.

पण त्यांचे दोन्ही हात मला दिसत होते. दहाही बोटं दिसत होती.

आम्ही चहा घेतला आणि निघालो.